स्टेरिंगचा पिवळा दिवा लागला की आधी काय बघायचं

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर दोन सेकंद जी दिवाळी होते ना, त्यात एक छोटं स्टेरिंगचं चित्र असतं आणि त्याच्या बाजूला उद्गारचिन्ह. काही गाड्यांत चित्र नसतं, नुसती ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टेरिंग) अशी तीन अक्षरं येतात. इंजिन सुरू झालं की हा दिवा विझला पाहिजे. नाही विझला, किंवा चालत्या गाडीत मधेच लागला, तर समजायचं की स्टेरिंग फिरवायला पॉवर स्टेरिंगची जी मदत मिळते ती कमी झालीय किंवा बंद पडलीय. एवढंच. चाकं आणि स्टेरिंग यांच्यातला लोखंडी दांडा जागच्या जागी असतो, तो काही सुटत नाही, गाडी वळवली की वळतेच, फक्त जोर तुमचा लागतो.

हे आधी सांगतेय कारण माझ्याकडे पहिल्यांदा लागला तेव्हा मला वाटलं आता स्टेरिंग जाम होणार आणि आपण सरळ जाऊन कुणाच्या तरी ओट्यावर चढणार. जानेवारी, संक्रांतीची सकाळ, आम्ही बारा दिवस पुण्याला लग्नाला जाऊन आलेलो, गाडी तेवढे दिवस इंदूरला, सुदामा नगरात घरासमोर थंडीत उभी. तिळगुळाचे डबे मागच्या सीटवर ठेवले, रामबागेत आत्याकडे जायचं होतं, सेल मारला तर गाडी कुंथत कुंथत सुरू झाली आणि हा दिवा काही विझेना. गल्लीतून बाहेर काढायला स्टेरिंग फिरवलं तर जात्याचा खुंटा ओढतेय असं वाटलं, तेसुद्धा दळण घातलेल्या जात्याचा. नवरा म्हणाला मी बघतो, त्याने बघितलं, त्याचेही दंड भरून आले.

तर यातून पुढे जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, मी मेकॅनिक नाही, पण त्या महिन्यात इतक्या जणांना इतके प्रश्न विचारले की आता आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या डॅशबोर्डवर काही पेटलं की आधी माझी बेल वाजते.

चालत्या गाडीत लागला तर

ब्रेकवर धाडकन पाय मारायचा नाही. दोन्ही हातांनी स्टेरिंग घट्ट धरा, वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर द्या, डावीकडे घ्या. वळणाच्या मधोमध मदत गेली तर हात एकदम सैल पडल्यासारखे होतात आणि गाडी सरळ व्हायला बघते, तेव्हा घाबरून सोडायचं नाही, उलट जोर वाढवून वळण पूर्ण करायचं. वेगात असताना जडपणा फारसा कळत नाही, खरी परीक्षा गाडी हळू झाल्यावर होते, म्हणजे नेमकं बाजूला घेताना किंवा यू टर्नला, त्यामुळे थोडी मोकळी, सरळ जागा शोधून थांबा, पलासियासारख्या चौकात गर्दीच्या मधे कोपऱ्यात घुसवायच्या फंदात पडू नका.

आणि एक अगदी महत्त्वाचं: गाडी चालू असताना, म्हणजे चाकं फिरत असताना, किल्ली बंद करायची नाही. लोक करतात हे, कुणीतरी सांगितलेलं असतं की बंद करून चालू केली की दिवा जातो. जातोही कधीकधी, पण ते गाडी उभी करून. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते, आणि किल्ली बाहेर निघाली तर स्टेरिंगचं कुलूप लागू शकतं, मग मात्र खरोखर जाम.

उभी केल्यावर हॅझार्ड लावा आणि बाकीचे दिवे बघा. हे बघणं फार कामाचं आहे, कारण एकटा स्टेरिंगचा दिवा आणि सोबत कुणीतरी असलेला स्टेरिंगचा दिवा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. सोबत लाल बॅटरी असेल तर चार्जिंग होत नाहीये, तिथे पुढे जायचा विचार करू नका. सोबत एबीएसचा पिवळा असेल तर बहुतेक वेळा चाकाच्या वेगाचा सिग्नल पोचत नाहीये किंवा व्होल्टेज पडलंय, कारण स्टेरिंगचा कॉम्प्युटर गाडीचा वेग बघूनच ठरवतो की किती मदत करायची, उभ्या गाडीत जास्त, हायवेला कमी. एकटाच असेल तर गाडी पूर्ण बंद करा, किल्ली काढा, दोन-चार मिनिटं थांबा, परत सुरू करा. विझला आणि स्टेरिंग हलकं असेल तर सावकाश घरी किंवा मिस्त्रीकडे जाता येतं. विझला म्हणजे बरा झाला असं नाही हं, नोंद आत राहते, ती काढून बघायचीच.

दिव्याच्या रंगाचं म्हणाल तर काही गाड्यांत पिवळा म्हणजे मदत कमी झालीय आणि लाल म्हणजे पूर्ण गेलीय असं असतं, आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एकच रंग असतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये पुस्तक पडलेलं असतं, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेलं, त्यात एका मिनिटात सापडतं.

तुमचं स्टेरिंग तेलाचं की विजेचं

हे माहीत नसेल तर अर्धा सल्ला उलटा पडतो. बोनट उघडा आणि एखादी छोटी टाकी शोधा जिच्या झाकणावर स्टेरिंगचं चित्र किंवा पॉवर स्टेरिंग असं लिहिलंय. सापडली तर तुमचं पॉवर स्टेरिंग तेलावर चालणारं, म्हणजे हायड्रॉलिक: इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो, पंप तेलाला दाब देतो, दाब चाकं ढकलतो. जुनी स्कॉर्पिओ, बोलेरो, क्वालिस, पहिली इनोव्हा या सगळ्या अशा. टाकी नसेल तर विजेचं, म्हणजे ईपीएस: स्टेरिंगच्या दांड्यावर किंवा खाली चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्यावर, म्हणजे रॅकवर, एक मोटर बसवलेली असते, दांड्यात एक सेन्सर असतो तो तुम्ही किती पीळ दिलात ते मोजतो, आणि कॉम्प्युटर तेवढा करंट मोटरला सोडतो. आजच्या जवळजवळ सगळ्या हॅचबॅक अशाच. काही मोजक्या गाड्यांत टाकीही असते आणि पंप विजेचा असतो, ते दोन्हींचं मिश्रण, त्यात जास्त शिरत नाही.

तेलाचं पॉवर स्टेरिंग विकायच्या कारमध्ये पहिल्यांदा आलं १९५१ साली, अमेरिकेत क्रायस्लर इम्पीरियलमध्ये, आणि विजेचं आलं १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत. म्हणजे विजेचं मुळात छोट्या गाड्यांसाठीच, कारण छोट्या इंजिनला पंप ओढणं जड जातं.

बाबा म्हणतात, आम्ही मारुती ८०० बिना पॉवर स्टेरिंगची चालवली, काय मोठं झालं. बरोबर आहे, पण त्या गाडीचं स्टेरिंग हाताच्या जोरासाठीच बनवलेलं, टायर बारीक, पुढचं वजन कमी. ईपीएसवाल्या गाडीची मदत गेली की ती मारुती ८०० पेक्षा जड लागते, कारण रॅकचे दाते मदत गृहीत धरून कापलेले असतात आणि वर ती बंद पडलेली मोटरही तुम्हालाच फिरवावी लागते. म्हणून "जड आहे पण चालेल" असं करत घरातल्या वयस्कर माणसाला किंवा नवशिक्याला तशी गाडी देऊ नका.

विजेच्या स्टेरिंगला बॅटरी, बॅटरी आणि मग बॅटरी

आता माझ्या संक्रांतीकडे परत. गाडी एका सर्व्हिस सेंटरला नेली, नाव घेत नाही, त्यांनी स्कॅनर लावला, दहा मिनिटांनी एक मुलगा टॅब घेऊन आला आणि म्हणाला "मॅडम, पूरा कॉलम बदलना पड़ेगा." कॉलम म्हणजे मोटर-सेन्सरसकट स्टेरिंगचा अख्खा दांडा. पाच आकडी रक्कम, पार्ट मागवायला आठवडा. मी म्हटलं कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा नंबर, काय आलाय ते लिहून द्या. तो जरा गडबडला, पण दिला. घरी येऊन शोधलं तर त्या कोडचा अर्थ होता सप्लाय व्होल्टेज कमी. मोटर खराब, सेन्सर खराब असं त्यात कुठेच नव्हतं.

मग भंवरकुआँच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, एक खोलीचं दुकान, भिंतीवर जुन्या डायनामोंची माळ, त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही. म्हणाले, "बेटा, पहले बैटरी नापो, फिर बात करो." आणि तो साधा पिवळा मल्टीमीटर काढला जो आपण कुणीही घेऊ शकतो. त्यांनी जे केलं ते तुम्हालाही घरी करता येतं म्हणून नीट सांगते.

रात्रभर उभ्या गाडीत, काहीही चालू न करता, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कुणालातरी सेल मारायला सांगा आणि आकडा बघत रहा, तो क्षणभर पडतो, साडेनऊच्या खाली जायला नको. मग इंजिन चालू असताना बघा, साधारण साडेतेरा ते साडेचौदा यायला हवं, नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामो, हुशार असतो आणि आकडा वरखाली करतो पण बाराच्या घरात रेंगाळत राहिला तर चार्जिंगमध्ये गडबड आहे. माझ्या गाडीचं: उभी असताना १२.१, सेल मारताना ८.९, चालू असताना १४.२. म्हणजे अल्टरनेटर ठीक, बॅटरी थकलेली. चार वर्षं झाली होती तिला. इंदूरच्या मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत बॅटरी आतून मरते आणि जानेवारीच्या थंडीत मग ते बाहेर दिसतं, असं ते काका म्हणाले, आणि मला ते एकदम पटलं.

आता हा सगळा बॅटरीचा पुराण का, तर दोन्ही हेडलाइट मिळून साधारण नऊ-दहा अँपियर खातात, आणि उभ्या गाडीत स्टेरिंग पूर्ण फिरवलं की ही मोटर एकटी चाळीस-पन्नास अँपियर सहज मागते. गाडीत एवढा करंट एकदम मागणारं सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) सोडलं तर दुसरं फारसं कुणी नाही. त्यामुळे बॅटरी जराशी कमजोर असेल तर रेडिओ वाजतो, काच खाली होते, लाइट लागतात, तुम्हाला वाटतं सगळं छान आहे, आणि स्टेरिंगचा कॉम्प्युटर मात्र व्होल्टेज पडलेलं बघून स्वतःला बंद करून घेतो.

पण खरी मजा पुढे आहे. काकांनी नवी बॅटरी लावून बघितली आणि दिवा तरीही होता. मी म्हटलं झालं, कॉलमच आहे. ते काही बोलले नाहीत, गाडी सुरू ठेवली, मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवलं आणि दुसरं गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडावर, आणि मला म्हणाले स्टेरिंग फिरवा. मी फिरवलं. मीटरवर ०.९. ते हसले. बॅटरीचं मायनस आणि बॉडी यांच्यात जोर लागतानाही जेमतेम ०.२ व्होल्टच्या आत फरक असायला हवा, जास्त म्हणजे मधे कुठेतरी करंट अडतोय. मग वाकून त्यांनी मायनसची जी काळी जाड वायर बॉडीला बोल्टने बसवलेली असते तो बोल्ट खोलला. खालचा भाग हिरवट पांढरा, जसं तांब्याच्या भांड्याला चिंच लावायची राहून गेली की होतं तसं, आणि ती पावडर बोटाने घासली की पडत होती. पॉलिश पेपरने वायरचा डोळा घासला, बॉडीवरची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट कसला, वरून व्हॅसलीन लावलं. परत मीटर: ०.०८. दिवा गेला. स्टेरिंग एका बोटाने फिरायला लागलं. बॅटरीचे पैसे वेगळे, या बोल्टचे त्यांनी दीडशे रुपये घेतले आणि चहा पाजला.

हे अर्थिंगचं प्रकरण पावसाळ्यानंतर जास्त होतं. गाडी गुडघाभर पाण्यातून काढलेली असेल तर तर नक्की बघाच, आणि ज्या गाड्यांची मोटर खाली रॅकवर असते त्यांत कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. दुसरा आपल्याकडचा खास शत्रू म्हणजे उंदीर, गाडी आठवडाभर उभी राहिली की बोनटखाली संसार मांडतात, वायरीचं कव्हर कुरतडतात, बोनट उघडलं की लेंडी किंवा दाण्यांची टरफलं दिसली तर आधी वायरिंग बघून घ्या मग बाकीचं.

फ्यूज पण बघायचा असतो. ईपीएसचा फ्यूज त्या रंगीबेरंगी छोट्या फ्यूजांतला नसतो, बोनटखालच्या डब्यात मोठा, बऱ्याचदा स्क्रूने बसवलेला असतो. तो उडालेला असेल तर नुसता नवा टाकून खूश होऊ नका, तो कशाने उडाला ते शोधायला हवं, आणि जास्त अँपियरचा टाकून तर अजिबात नाही, तार बांधून तर... तुम्हाला कळलंच.

दोन उद्योग मिस्त्रीला करू देऊ नका. एक, इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर चालतो का ते बघणं. जुन्या डिझेल जीपमध्ये चालायचं, आताच्या गाडीत त्या एका झटक्यात कॉम्प्युटर जाऊ शकतो. दोन, न मोजता "कॉलम गया" म्हणणं. कॉलम जातो, नाही असं नाही, सेन्सर झिजतो, मोटर जाते, पण तो शेवटचा संशयित. आधी बॅटरी, मग टर्मिनल आणि अर्थिंग, मग फ्यूज आणि कनेक्टर, मग स्कॅनर, आणि मग कॉलम.

स्कॅनरबद्दल एक: ऑनलाइन जे स्वस्त ब्लूटूथवाले मिळतात ते बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात, ते पी ने सुरू होतात. स्टेरिंगचे सी किंवा यू ने सुरू होतात, त्यासाठी जरा बरा स्कॅनर लागतो. यू म्हणजे कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं तुटलंय, उदाहरणार्थ यू०१३१ म्हणजे स्टेरिंगच्या कॉम्प्युटरचा आवाज येईनासा झालाय, आणि त्यामागेही पुष्कळदा साधी वायर किंवा व्होल्टेज असतं. कोड मागून घ्या, कागदावर, आताचे वेगळे आणि जुने वेगळे. नुसतं "कोड उडवून दिला मॅडम" याला पैसे देऊ नका.

बॅटरी बदलल्यावर लगेच दिवा लागला तर घाबरायचं नाही, काही गाड्यांत स्टेरिंगच्या कोनाचा सेन्सर सरळ कुठे आहे ते विसरतो. गाडी सुरू करून स्टेरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, मग सरळ, आणि थोडं सरळ रस्त्यावर चालवायची. तेवढ्याने नाही गेला तर स्कॅनरवरून शिकवावं लागतं.

आणि एक बिनआजाराचा दिवा. सराफ्याला रात्री खायला गेलात, पार्किंगची बोंब, चिंचोळ्या जागेत दहा वेळा पुढे-मागे, पूर्ण डावं पूर्ण उजवं केलंत, तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते, स्टेरिंग जड होत जातं, कधी दिवाही लागतो. गाडी बंद करून ठेवा, भुट्ट्याचा कीस खाऊन या, परत याल तेव्हा ठीक असेल. गाडी जराशी सरकत असताना स्टेरिंग फिरवायची सवय लावली तर हे होतच नाही, उभ्या चाकाला रस्त्यावर घासत फिरवणं हाच सगळ्यात मोठा भार असतो.

तेलाच्या स्टेरिंगच्या गाडीत

यांत बऱ्याचदा दिवाच नसतो, स्टेरिंग स्वतःच बोलतं. वळवताना घूं घूं असा आवाज म्हणजे तेल कमी किंवा तेलात हवा. चीं असा कर्कश आवाज म्हणजे पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालाय. टाकीवर खूण असते, किमान आणि कमाल, काहींत गरम आणि थंडची वेगळी. झाकण पुसून मगच उघडा, आत धूळ गेली की पंपाची वाट लागते. तेल लालसर, पारदर्शक असेल तर छान. काळं आणि जळका वास तर बदला. फेस दिसला तर हवा आहे, ती काढायला पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवतात आणि मधेमधे तेल भरतात.

कुठलं तेल ते झाकणावर किंवा पुस्तकात बघा, बऱ्याच गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, चालतं, काहींना कंपनीचं वेगळंच लागतं. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही नाही, रबरी सील फुगून खराब होतात आणि मग सगळं गळायला लागतं.

टाकी परत परत रिकामी होत असेल तर तेल कुठेतरी जातंय, हवेत उडत नाही ते. रात्री गाडीखाली जुने पेपर पसरून ठेवा, सकाळी लाल किंवा गुलाबी डाग कुठे पडलाय बघा. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला रॅकला जी रबरी घड्यांची नळी असते ती दाबून बघा, आत तेल भरल्यासारखी लिबलिबीत लागली तर रॅकचं सील गेलंय. आणि स्टेरिंग टोकाला नेऊन धरून ठेवायची सवय असेल तर सोडा, तिथे पंप पूर्ण दाबाने कण्हत असतो.

आता पट्ट्याबद्दल, हे वाचाच. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या काकांच्या जुन्या डिझेल गाडीतून ओंकारेश्वरला निघालो होतो, आई आणि मावशी मागे, मांडीवर शेवेचं पाकीट. सिमरोलच्या पुढे भेरूघाटात उतरताना बोनटखाली फटकन काहीतरी वाजलं, काकांचा हात थबकला, म्हणाले "अगं, जड झालं गं एकदम." डॅशवर स्टेरिंगचा दिवा नव्हताच, पण बॅटरीचा लाल लागला होता. मी म्हटलं काका, बाजूला घ्या आणि बंद करा. ते म्हणाले बडवाहपर्यंत नेऊ हळूहळू, उतारच तर आहे, हातात ताकद आहे अजून. मी म्हटलं ताकदीचा प्रश्न नाही, काटा बघा. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला होता आणि आमच्या डोळ्यांसमोर आणखी वर चालला होता.

झालं असं होतं की त्या गाडीत एकच पट्टा स्टेरिंगचा पंप, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप तिन्ही फिरवत होता, तो तुटला की मदतही गेली, चार्जिंगही गेलं, आणि इंजिनमधलं पाणी फिरायचं थांबलं. अजून पाच-सात किलोमीटर रेटली असती तर हेड गॅस्केट गेलं असतं. म्हणून स्टेरिंग अचानक जड आणि सोबत लाल बॅटरी हे दोन्ही एकत्र आलं की थांबायचं, उतार असो की घर समोर दिसत असो. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही हे काकांना माहीत होतं सुदैवाने. वळणापासून दूर गाडी लावली, मागे दगड ठेवले, धोक्याचा लाल तिकोण पन्नासएक पावलं मागे ठेवला, सगळ्यांना गाडीतून उतरवून कठड्याच्या पलीकडे बसवलं कारण घाटात ट्रक फार अंगावरून जातात. तिथून टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, सिमरोलला आणली, पट्टा मिळायला दुपार झाली, शेव संपली, ओंकारेश्वर राहिलंच. नॅशनल हायवेवर असाल तर १०३३ लावा, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

टोचन करताना लक्षात ठेवा की मागच्या गाडीचं इंजिन बंद असलं तर तिचं स्टेरिंगही जड आणि ब्रेकही जड, आणि किल्ली मात्र ऑनच्या बाजूला असायला हवी, नाहीतर स्टेरिंग लॉक. शक्य असेल तर सरळ क्रेन बोलवा.

दिवा नाही पण जड आहे

मग आधी टायरची हवा. खरंच. दर वेळी. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर कुठलंही स्टेरिंग जड लागतं आणि लोक डायरेक्ट पॉवर स्टेरिंगवर संशय घेतात. किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. मोठे टायर टाकलेत का, अलाइनमेंट कधी केलं, खालचे जॉइंट कोरडे पडलेत का, हे त्यानंतर. वळण घेतल्यावर स्टेरिंग आपणहून सरळ येत नसेल तर जॉइंट किंवा अलाइनमेंटकडे बघा. आणि बाजारातून मोठा अ‍ॅम्प्लिफायर, डबल हॉर्न, जास्त वॅटचे बल्ब लावले असतील, तेही वायर तोडून जोड मारून, तर त्या जोडण्या आधी तपासा, यांच्यामुळे दिवाही लागतो आणि कुणालाही सापडत नाही.

जुनी गाडी घेताना हा दिवा उलट्या बाजूने कामाला येतो. गेल्या महिन्यात मामेभाऊ राजेंद्र नगरला एक गाडी बघायला घेऊन गेला, रंग चकाचक, सीट कव्हर नवं, मालक म्हणे एका हाताने चालवलेली आहे भिया. मी त्याला म्हटलं सुरू करू नकोस, नुसती किल्ली ऑन कर. बॅटरीचा लागला, तेलाचा लागला, एबीएसचा लागला, एअरबॅगचा लागला. स्टेरिंगचा लागलाच नाही. चांगल्या गाडीत तो आधी लागतो आणि मग विझतो, लागतच नाही म्हणजे कुणीतरी त्याला गप्प केलंय. भावाने परत एकदा किल्ली फिरवली, परत नाही. मग सुरू करून उभ्या गाडीत स्टेरिंग फिरवायला सांगितलं, तर दोन्ही हात लावूनही अर्ध्यात अडकला बिचारा, आणि मालक म्हणाला नवे टायर आहेत ना, म्हणून. आम्ही टायर बघितले, जुनेच होते, मग चहा घेतला आणि निघालो.